पखालीपासून तोटीपर्यंत

घर आणि पाणी यांचा संबंध इतका जुना व इतका नित्याचा आहे की, त्याकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. मनुष्याने वस्ती केली ती पाण्याच्या काठी. नदी नसेल तेथे त्याने विहीर खणली, विहिरीला पाणी लागले नाही तर गाव उठविले. घर स्थिर व पाणी त्याच्या शेजारी, अशी ही व्यवस्था आहे. परंतु घरच चालू लागले म्हणजे काय करावयाचे? मग पाण्याला घराबरोबर चालावे लागते. आणि बरोबर घेतलेले पाणी वाटेत गळू न देणे हीच त्या घरातील गृहिणीची मोठी चिंता होऊन बसते. अलीकडे मोटारीवर बांधलेली फिरती घरे आपल्याकडेही येऊ लागली आहेत. महाराष्ट्र शासनाने २०२१ साली या कॅराव्हॅन पर्यटनाविषयी धोरणही जाहीर केले. अशा गाडीतील स्वयंपाकघराची तोटी ठिबकू लागली म्हणजे प्रवासी गोंधळून जातो. त्याला ही अडचण अगदी नवी वाटते. वस्तुतः ती फार जुनी आहे, आणि तिचा इतिहास पाहावयाचा तर मराठवाड्यातील हिंगोलीसारखे दुसरे योग्य ठिकाण क्वचितच सापडेल.

हिंगोली जिल्हा १ मे १९९९ रोजी परभणी जिल्ह्यातून वेगळा झाला. परंतु कयाधू नदीवरील हिंगोली गावाचे नाव त्यापूर्वी कितीतरी वर्षे लष्करी कागदपत्रांत वावरत होते. वऱ्हाडच्या सीमेलगतचे हे निजामाच्या फौजेचे मोठे ठाणे होते. इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखालील या फौजेस १८५३ च्या तहानंतर हैदराबाद कंटिंजंट असे नाव मिळाले आणि १९०३ साली ती हिंदुस्थानच्या लष्करात विलीन झाली, तेव्हा ही छावणी उठली. छावणी गेली, पण तिची नावे मागे राहिली. पलटण, रिसाला, तोफखाना, पेन्शनपुरा, सदर बाजार ही नावे हिंगोलीकरांच्या तोंडी आजही आहेत. आता पलटण म्हणजे काय? माणसे, घोडे, बैल, तंबू व स्वयंपाक यांसह चालणारे एक गावच ते. त्या गावाला मुक्कामावर पाणी मिळेलच असा भरवसा नसे. म्हणून ते पाणी बरोबर न्यावे लागे.

पाणी नेण्याचे साधन होते कातडे. मातीची घागर वाटेत फुटावयाची, तांब्याचा हंडा जड व महाग, आणि लाकडी पिंप आपल्याकडील उन्हात वाळून त्याच्या फळ्यांत फटी पडावयाच्या. कातडे मात्र फुटत नाही, घडी होते आणि जनावराच्या पाठीला बोचत नाही. बैलाच्या किंवा हल्याच्या पाठीवर दोहो बाजूंना लोंबणारी मोठी पिशवी ती पखाल, आणि एका माणसाने खांद्यावर पट्टा टाकून पाठीशी वाहावयाची बकऱ्याच्या कातड्याची लहान पिशवी ती मसक. एका मसकेत सुमारे २५ ते ३० लिटर पाणी मावे. ती वाहणारा तो भिस्ती. हा शब्द फारसी असून त्याचा मूळ अर्थ ‘स्वर्गीचा’ असा आहे. तहानेने कासावीस झालेल्या शिपायाला पाणी पाजणाऱ्यासाठी याहून यथार्थ नाव कोणते असणार? मसकेला तोटी नसे. तिचा गळा म्हणजे बकऱ्याच्या मानेचा भाग. तो भिस्ती मुठीत धरी, आणि मूठ सैल करील तितकेच पाणी बाहेर येई. भिस्त्याची मूठ हीच तोटी होती, असे म्हणावयास हरकत नाही.

फौजेबरोबर आणखी एक चालते गाव असे. ते म्हणजे बंजाऱ्यांचा तांडा. हिंगोली जिल्ह्यात या समाजाची वस्ती आजही मोठी आहे. बैलांच्या पाठीवर धान्य व मीठ लादून हे लोक दख्खनभर फिरत आणि फौजांना रसद पुरवीत. १८०३ च्या मराठे व इंग्रज यांच्या युद्धात असई व आडगाव येथे लढणाऱ्या वेलस्लीची भिस्त बंजाऱ्यांच्या बैलांवर होती. तांडा म्हणजे बायकापोरांसह चालणारा संसार. चूल रोज नव्या जागी पेटावयाची आणि पाणी कालच्या मुक्कामावरून आणलेले असावयाचे.

याच जिल्ह्यातील नरसी हे गाव परंपरेने संत नामदेवांचे जन्मस्थान मानले जाते. नामदेव आणि ज्ञानदेव यांच्या तीर्थयात्रेची एक आख्यायिका महाराष्ट्रात घरोघरी सांगितली जाते. मारवाडात बिकानेरजवळ कोलायत येथे दोघेही तहानेने व्याकूळ झाले. विहीर होती, परंतु खोल; दोर नाही, पोहरा नाही. ज्ञानदेवांनी योगबलाने सूक्ष्म रूप घेऊन तळ गाठला व पाणी प्याले. नामदेवांनी विठ्ठलाचा धावा केला तेव्हा विहीरच काठोकाठ भरून वाहू लागली. भक्तीचा महिमा सांगणारी ही कथा आहे. परंतु तिच्यातील अडचण अगदी व्यवहारातील आहे, आणि ज्यांच्याजवळ ना योगबल ना तसली भक्ती, अशा सामान्य प्रवाशाला कातड्याच्या पिशवीखेरीज दुसरा आधार नव्हता.

ती पिशवी करणे हे मोठ्या कौशल्याचे काम होते. ढोर समाजातील कारागीर ते करीत. कच्चे कातडे चुन्यात भिजवून त्यावरील केस काढावयाचे, बाभळीच्या सालीत व हिरड्यात ते मुरवावयाचे, मग तेल किंवा चरबी चोळून मऊ करावयाचे आणि चामड्याच्याच वादीने त्याची शिवण इतकी घट्ट घालावयाची की, टाक्याच्या भोकातून थेंब निसटू नये. शिवाय कातड्याचा एक गुण मोठा उपयोगी आहे. ते भिजले म्हणजे फुगते आणि शिवणीची बारीक छिद्रे आपोआप बुजतात. म्हणूनच पखाल कोरडी पडू देत नसत. वाळलेली पखाल तडकते, आणि तडकलेली गळते. गळती लागली तर तिच्यावरही उपाय होता. लहान भोक असेल तर आतून एक गुळगुळीत खडा बसवावयाचा आणि बाहेरून त्याच्याभोवती वादी आवळून गाठ मारावयाची; भोक मोठे असेल तर ठिगळ. शेतावरील मोटही याच हातांनी घडे. मोटेच्या सोंडेचे तोंड बारीक दोराने वर ओढून धरलेले असावयाचे आणि मोट विहिरीच्या तोंडाशी येताच ते थारोळ्यात मोकळे व्हावयाचे. पाणी अडवावयाचे केव्हा व सोडावयाचे केव्हा, हे तोटीचे सारे काम त्या सोंडेत होते.

मराठवाड्यात एक म्हण प्रचलित आहे : ‘रोग हल्याला आणि औषध पखालीला.’ आजारी पडला आहे पाणी वाहणारा हल्या, आणि लोक मलमपट्टी करताहेत त्याच्या पाठीवरील पखालीला! पखाली नाहीशा होऊन फार दिवस झाले, तरी म्हण टिकली. कारण गळती दिसते एके ठिकाणी आणि तिचे मूळ असते दुसरीकडे, हा अनुभव पखालीबरोबर गेला नाही. पुढे तोटीच्या दुरुस्तीत त्याचाच प्रत्यय येणार आहे.

आता पखालीकडून तोटीकडे वळण्यापूर्वी एक शंका दूर केली पाहिजे. आपल्याकडे नळ फार पूर्वीपासून होते. मग तोटीची परंपरा का नव्हती? औरंगाबादेस मलिक अंबराने सतराव्या शतकाच्या आरंभी नहर बांधून शहरात पाणी खेळविले. पुण्यास नानासाहेब पेशव्यांच्या काळी, अठराव्या शतकाच्या मध्यास, कात्रजच्या तलावाचे पाणी हौदांत आणले. परंतु या योजनांत पाणी अखंड वाहते असे. ते हौदात पडे, हौद भरला की पुढे जाई, आणि लोक त्यात भांडे बुडवून भरून घेत. वाहत्या पाण्याला तोटी लागत नाही. पाणी नळात दाबाखाली कोंडून उभे करावयाचे आणि हवे तेव्हाच सोडावयाचे, असे ठरल्यावर तोटीची गरज उत्पन्न होते.

युरोपात रोमन लोकांनी कांशाची तोटी केली होती. आडव्या भोकाचा एक खुंटा नळात बसविलेला असे. तो पाव फेरा फिरविला की भोक नळाच्या रेषेत येऊन पाणी सुटे. परत फिरविला की थांबे. रचना सुटसुटीत खरी, पण धातूवर धातू घासून ती झिजे आणि मग गळू लागे. शिवाय पाणी एकदम अडले म्हणजे मागील नळास मोठा हिसका बसे. या दोन्ही दोषांवर उपाय निघाला तो १८४५ साली. इंग्लंडमधील रॉदरहॅम या गावी एडवर्ड क्राइम्स याने आट्यांच्या तोटीचे पेटंट घेतले. मूठ फिरविली की आट्यांचा दांडा हळूहळू खाली उतरतो आणि त्याच्या टोकाची चकती नळाच्या गोल बैठकीवर दाबून बसते. पाणी सावकाश थांबते, हिसका बसत नाही. आणि झीज होते ती धातूची नव्हे, तर एका स्वस्त चकतीची. ती बदलली की तोटी पुन्हा नवी.

ती चकती कशाची होती? कातड्याची. शिपायाला ज्याने पाणी पाजले, तांड्याला ज्याने जगविले, तेच कातडे आता रुपयाएवढे लहान होऊन पितळेच्या तोटीत जाऊन बसले. तत्त्व तेच राहिले. पाणी थोपविण्यास कठीण वस्तू एकटी पुरत नाही. दोन कठीण पृष्ठभागांत कोठेतरी केसाएवढी फट राहते. मध्ये काहीतरी मऊ, दबणारे, भिजून फुगणारे असावे लागते. या चकतीला आपल्याकडील कामगारांनी वायसर म्हटले, आणि तोच शब्द रूढ झाला.

या वायसराने आपल्या समाजात मोठीच पंचाईत केली. मुंबईस विहार तलावाचे पाणी १८६० मध्ये आले. पुण्याजवळ खडकवासल्याचे धरण १८७९ च्या सुमारास पुरे झाले. नळ घरोघर पोहोचू लागले, तेव्हा तोटीच्या पोटात कातडे आहे ही वार्ताही पोहोचली. सोवळ्या घरांत खळबळ उडाली. कातड्याला लागून आलेले पाणी देवाला कसे चालावे आणि स्वयंपाकाला कसे घ्यावे? अनेक घरांत नळाचे पाणी धुण्याभांड्यांस आणि पिण्यास व पूजेस आडाचे, अशी वाटणी झाली. कोणी धोतराच्या धडप्याने गाळून मनाचे समाधान केले. परंतु आडावरून घागरी ओढणे एकीकडे आणि मूठ फिरविणे दुसरीकडे. काही काळातच सोयीने सोवळ्यावर मात केली, आणि पुढे वायसराविषयी कोणी बोलेनासे झाले.

येथे थोडे थांबून विचार केला पाहिजे. ज्या हातांनी कातडे कमावले त्या हातांना सार्वजनिक पाणवठ्यावर भांडे बुडविण्याची बंदी होती. त्यांनी घडविलेल्या मोटेचे पाणी शेताला चाले, त्या शेतातील धान्य देवाच्या नैवेद्याला चाले. पुढे कातड्याचे वायसरही पचले. परंतु ती माणसे चालली नाहीत. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी ओंजळीने घेतले, ते याच विपरीत न्यायाविरुद्ध. त्या तळ्याचा खटला मुंबई हायकोर्टात १९३७ साली निकालात निघाला आणि अस्पृश्यांचा पाण्यावरील हक्क मान्य झाला. तोटीच्या इतिहासात हे प्रकरण आडवाटेचे नाही. पाणी कसे अडवावे हा प्रश्न लोहाराने व चर्मकाराने सोडविला. ते कोणासाठी अडवू नये हा प्रश्न मात्र समाजाला सोडवावा लागतो, आणि त्याला कितीतरी अधिक काळ लागतो.

कातड्याची जागा पुढे रबराने घेतली. गंधक मिसळून तापविलेले रबर उन्हात चिघळत नाही व थंडीत तडकत नाही, हा चार्ल्स गुडइयरचा शोध; त्याचे पेटंट १८४४ चे. गरम पाण्याच्या तोटीला तर रबर कातड्याहून फारच बरे पडले. विसाव्या शतकात आल्फ्रेड मोएन या अमेरिकन तरुणाचा हात १९३७ मध्ये दोन मुठींच्या तोटीतील कढत पाण्याने पोळला, आणि त्यातून एकाच दांड्याने गरम व थंड पाणी मिसळणारी तोटी जन्मास आली. ती १९४७ साली बाजारात आली. त्यानंतर चिनी मातीसारख्या अतिकठीण पदार्थाच्या दोन चकत्या आरशासारख्या गुळगुळीत घासून एकमेकींवर सरकविण्याची युक्ती निघाली. येथे मात्र कठीणावर कठीण बसते आणि तरीही पाणी थांबते. कारण त्या दोहोंत फट म्हणून उरतच नाही. तथापि या चकत्या ज्या नळकांड्यात बसतात, त्याच्या बुडाशी व मानेशी रबराची कडी असतेच. मऊ वस्तूची सुटी अद्याप झालेली नाही.

दरम्यान चालत्या घरातही तोटी शिरली. त्याचा पहिला मोठा प्रयोग आगगाडीचा. डब्याच्या छपरावर टाकी, तिच्यातून खाली नळ आणि टोकाला दाबावयाची तोटी. दाबून धरावे तोवर पाणी. हात काढला की आतील स्प्रिंग ती मिटविते. चालत्या घरातील साठा मोजका, आणि उघडी राहिलेली तोटी पुढच्या स्टेशनापर्यंत सर्वांनाच कोरडे ठेवील, हे ओळखून केलेली ही योजना आहे. भिस्त्याच्या मुठीचेच ते लोखंडी रूप होय. फलाटांवर मात्र त्या काळी ‘हिंदू पाणी’ व ‘मुसलमान पाणी’ वेगळे मिळत असे. गाडी एक, रूळ एक, तहानही एक, पाणी तेवढे दोन!

आजचे मोटारीवरील घर याच मालिकेतील आहे. औंढा नागनाथच्या दर्शनास किंवा नरसीस अशा गाडीतून कोणी कुटुंब निघाले, तर त्यांच्या ओट्याखाली पाण्याची टाकी असते, बारा व्होल्टांचा लहानसा पंप असतो आणि ओट्यावर तोटी असते. तोटी उघडली की नळातील दाब उतरतो व पंप सुरू होतो. मिटली की दाब चढून तो थांबतो. म्हणून रात्री सारे निजले असता पंप मधूनमधून घरघरू लागला, तर कोठेतरी गळते आहे असे समजावे. पंप बिघडला म्हणून त्यालाच उकलीत बसणे म्हणजे हल्याचा रोग सोडून पखालीला औषध देणे होय.

प्रथम गळतीची जागा पाहावी. तोंडातून ठिबकत असेल तर दोष आतील वायसराचा किंवा चकत्यांचा. मुठीच्या बुडाशी पाझरत असेल तर रबरी कडीचा. आणि ओट्याखाली ओल असेल तर जोडाचा. रस्त्याच्या हादऱ्यांनी जोड सैल होतात. स्थिर घरातील तोटीला न जडणारा हा चालत्या घराचा खास रोग आहे. मग पंपाचे बटण बंद करावे, गाव-नळाची रबरी नळी जोडली असेल तर तीही सोडवावी, आणि तोटी उघडून आतील दाब जाऊ द्यावा. मोरीच्या भोकात फडके कोंबावे. नाहीतर लहानसा स्क्रू त्यातून नाहीसा होतो. मूठ काढून आतील दांडा किंवा नळकांडे बाहेर काढावे, जुना वायसर दुकानात नेऊन त्याच मापाचा नवा आणावा आणि जुळणी उलट क्रमाने करावी. बैठकीवर पांढरा थर जमला असेल तर व्हिनेगर किंवा लिंबाच्या रसाने तो पुसावा. दख्खनच्या काळ्या पाषाणातून येणारे बोअरचे पाणी बहुधा जड असते व असा थर धरते. तो तसाच ठेवून नवा वायसर बसविला तर तोही लवकरच कापला जातो. आट्यांवर टेफ्लॉनची फीत गुंडाळावी. या गाड्यांत हलकेपणासाठी प्लॅस्टिकच्या चाक्या असतात. त्या हातानेच आवळाव्या, पाना लावून जोर करू नये, कारण त्या तडकतात. तोटीचे अंगच चिरले असेल तर मात्र दुरुस्तीच्या नादी न लागता ती बदलावी. विकत घेण्यापूर्वी ओट्यावरील भोकांचे अंतर मोजून घ्यावे.

एवढा खटाटोप एका थेंबासाठी कशाला, असे कोणी म्हणेल. त्याने थोडा हिशेब करावा. सेकंदास एक थेंब गळला तर दिवसाचे ८६,४०० थेंब होतात. वीस थेंबांचा एक मिलिलिटर धरला, तर ते सव्वाचार लिटरांहून अधिक पाणी झाले. शंभर लिटरांची टाकी असेल तर आठवड्यात तिचा जवळजवळ तिसरा हिस्सा कोणीही न वापरता नाहीसा होतो. सहलीस निघालेल्या कुटुंबाला पुढच्या गावी टाकी भरून घेता येते, म्हणून त्याचे एवढे वाटत नाही. परंतु मराठवाड्यातून दरसाल दिवाळीच्या सुमारास दुसरीही फिरती घरे निघतात. ऊसतोडीला जाणारी कुटुंबे भांडीकुंडी, पोरेबाळे व पाण्याचे पिंप गाडीत घालून साखर कारखान्यांच्या परिसरात जातात आणि फडाजवळ कोपी घालून चार-सहा महिने राहतात. त्या पिंपाची प्लॅस्टिकची तोटी ठिबकत राहिली, तर रात्रीत गेलेले सव्वादोन लिटर पाणी पहाटे कोयता हाती घेण्यापूर्वी कोणीतरी डोक्यावरून पुन्हा आणावे लागते. आणि ते आणणारी बहुधा घरातील बाई किंवा मुलगी असते.

भिस्त्याच्या पाठीवर असताना पाण्याचे वजन दिसत असे. म्हणून त्याच्या पखालीची निगा लोक राखीत, कोरडी पडू देत नसत, भोक दिसताच बांधीत. तोटीने ते वजन दृष्टीआड केले. एका मुठीच्या फेऱ्यात पाणी येते, तेव्हा ते कोणी वाहून आणले हा प्रश्नच मनात उठत नाही. परंतु घर हलू लागले, मग ते पलटणीचे असो, तांड्याचे असो, ऊसतोड्याचे असो की हौशी प्रवाशाचे, की तो प्रश्न पुन्हा समोर उभा राहतो. अशा घरात एक वायसर व दोन रबरी कड्या जादा बाळगाव्या. त्यांची किंमत क्षुल्लक असते. त्या नसल्या तर गळालेले पाणी भरून आणण्याचे कष्ट मात्र कोणाच्यातरी डोक्यावर पडल्यावाचून राहत नाहीत.